पुन्हावाल्यांच्या मॅडम

भित्र्या डॉक्टरच्या हाताखाली नोकरी करायची पाळी कोणावर येऊ नये, असं मी पहिल्याच महिन्यात आमच्या ह्यांना सांगितलं होतं. नर्स मी, नवी मी, हात थरथरायचे तर माझे थरथरायला हवे होते. पण वर्ध्याच्या त्या दवाखान्यात, बाळंतिणींच्या वॉर्डात, सगळ्यात जास्त घाबरायच्या त्या आमच्या मोठ्या मॅडमच. आणि भीती लपवायची असते हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. पन्नाशी उलटलेली बाई, आजूबाजूच्या गावांतली कितीतरी लेकरं त्यांच्या हातावर जन्मलेली, आणि ऑपरेशनच्या दाराशी उभ्या राहून पेशंटच्या नवऱ्यासमोर सरळ म्हणायच्या, "सिस्टर, मले भेव लागून राह्यलं."

नवऱ्याचा चेहरा काय होत असेल, तुम्हीच सांगा.

दिसायला ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. पर्समध्ये दोन टॉर्च. दवाखान्यात इन्व्हर्टर होता, जनरेटर होता, पण मॅडमचा विजेवर विश्वास नाही आणि एका टॉर्चवरही नाही. रक्तपेढीत फोन करून "रक्त आहे ना?" असं विचारणं त्यांना पटायचं नाही. जिना उतरून स्वतः जायच्या, फ्रीज उघडायला लावायच्या, पिशवीवरचं नाव वाचायच्या, मगच वर यायच्या. पेढा मात्र कधी घ्यायच्या नाहीत. बाळ झालं की नातेवाईक पुडा घेऊन धावायचे, तर ह्या हात मागे घ्यायच्या. "टाके सुकू दे. मंग खाईन. आत्ता कायचे पेढे?" सासरचे लोक रागवायचे. शुभ वेळी अशुभ बोलते म्हणायचे. शहरातले दुसरे डॉक्टर तर त्यांना भेकड बाईच म्हणायचे, आणि ते मॅडमना माहीत होतं.

सकाळच्या राऊंडची त्यांची एक रीत होती. कुठल्याही मोठ्या डॉक्टरची मी तशी रीत पाहिली नाही. वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि शाळेतल्या बाईसारख्या ओरडायच्या, "पुन्हावाल्या कोन कोन? हात वर करा!"

पुन्हावाल्या म्हणजे आधी एकदा सिझर झालेल्या आणि आता पुन्हा पोट उघडलेल्या किंवा उघडायच्या बाया. लाजत, हसत, सलाईन सांभाळत हात वर व्हायचे. या खाटेवरून, त्या खाटेवरून, खिडकीकडून, दाराकडून. समुद्रपूरची, पवनारची, शहरातली, शेतावरची, दुकानदाराची, सगळ्यांचे हात. मी नवी होते तेव्हा मला हसू आलं होतं. मग शेजारी पाहिलं तर मॅडम हातांकडे पाहत होत्या आणि त्यांच्या तोंडाचा रंग उतरला होता. रोज पाहायच्या आणि रोज उतरायचा.

"पहिलं सिझर डॉक्टर करते," त्या शिकाऊ डॉक्टरांना सांगायच्या, "दुसरं सिझर पहिलं करते. ध्यानात ठेवजा."

एका शिकाऊ डॉक्टरच्या तोंडून एकदा निघून गेलं की, मॅडम, आज काही विशेष नाही, दोन साधे रिपीट सिझर आहेत. झालं! मॅडम जागच्या जागी थांबल्या. "साधं? साधं वरण असते बापू. सिझर कधी साधं असते का? जुन्या टाक्याच्या आत काय चिपकून बसलं हाये, तुले बाहेरून दिसते का? आतडं चिपकलं, का लघवीची पिशवी चिपकली? दिसते का?" पुढे महिनाभर त्यानं वरण शब्दही उच्चारला नाही.

बाजारातल्या एका कपड्याच्या दुकानदाराची सून आली होती. तीही पुन्हावालीच. सासरे पंचांग पाहूनच आले होते. म्हणे, नाहीतरी कापायचंच आहे, तर गुरुवारी सकाळी अमुक वेळेत काढा, लेकराचं नशीब उघडेल. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ठीक हाये. तुमच्या महाराजाले घेऊन येजा. हातमोजे मी देते. टाका फाटला तर रक्त थांबवाले त्यालेच सांगू." सासरे तणतणत गेले. सून मात्र तोंडावर पदर घेऊन हसत होती. ती मग मॅडमच्याच वेळेला बाळंत झाली, आणि लेकराचं नशीब काही त्यामुळे बिघडलं नाही.

ऑपरेशन करताना मॅडम अखंड बोलायच्या. हे भीतीचंच दुसरं रूप. पोटावर सुरी टेकवली की तोंड सुरू. पाठीत भूल दिलेली असते, पेशंट जागी असते, तिच्याशीच बोलायच्या. "आज पवनारचे वांगे आल्ते बजारात. कोवळे लुसलुशीत. तू भरून करते का फोडी करून? शेंगदान्याचा कूट टाकते का नाई?" पेशंट बिचारी पडद्याच्या पलीकडून वांग्याची भाजी सांगायची. आम्ही सिस्टर लोक मात्र एक गोष्ट जाणून होतो. मॅडम बोलताहेत तोवर सगळं ठीक आहे. मॅडम गप्प झाल्या की कोणी न सांगता एकीनं रक्त आणायला पळायचं.

माझं स्वतःचं पहिलं बाळंतपण त्यांच्याच हातचं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. माझं माहेर समुद्रपूरचं, आई न्यायला आलेली, बॅग भरलेली. मॅडमनी जाऊ दिलं नाही. "तिथून कळा देत देत एस.टी.नं येशीन का?" शेवटी आईच वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत, आमच्या खोलीवर येऊन राहिली. कळा लागल्या, सगळं बरं चाललं होतं, आणि मधेच बाळाचे ठोके घसरले. मग परत वर आले. शिकाऊ डॉक्टरीण म्हणाली, "मॅडम, आले परत. थोडं थांबून पाहू." मॅडमनी माझ्या पोटावर हात ठेवला. मला त्यांचा चेहरा दिसत होता. "नाई," त्या म्हणाल्या, "मले भेव लागते. घ्या आत."

पोरगी बाहेर आली ती सगळा मजला डोक्यावर घेत. धडधाकट, लालबुंद, काडीचाही त्रास नाही. आम्ही पेढे वाटले. मॅडमनी घेतला नाही, पण मला ते नवं नव्हतं. त्या पोरीकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि निघून गेल्या. त्या वेळी मी खूश होते, मला काही कळलं नाही.

कळलं ते पुढे, एका सकाळी. पवनारकडची एक बाई होती, भाजी लावणाऱ्या घरातली सून. एक सिझर झालेलं, दुसऱ्यांदा दिवस पूर्ण भरलेले. आमच्या भागात बायांमध्ये एक अक्कल चालते, आणि ती आजही चालते: बाळाचं डोकं दिसू लागेपर्यंत दवाखान्यात जायचंच नाही. लवकर गेलं की डॉक्टर कापतात, उशिरा गेलं की कापायला वेळच उरत नाही. शेजारणीची जाऊ तशीच सुटली म्हणतात, मग आपण का नाही? त्या बाईनंही कळा दाबल्या. पहाटेपासून भाजीच्या जुड्या बांधत बसली होती, दातावर दात ठेवून. कोणाला कळू दिलं नाही.

ऑटोतून उतरली ती चालत आली. सासू बरोबर, हसतमुख. सासूच म्हणाली, "आता बरं वाटून राह्यलं तिले. लय कळा होत्या, पन रस्त्यातच थांबल्या. एकदम आराम पडला."

मॅडम तेव्हा दुसऱ्या पेशंटजवळ होत्या. "थांबल्या" हा शब्द त्यांच्या कानावर गेला आणि त्यांच्या हातातलं ठोके ऐकायचं यंत्र खाली पडलं. धावल्या. त्या वजनाची बाई मी कधी धावताना पाहिली नव्हती. पोटावर हात ठेवला, ठोके शोधले, इकडे शोधले, तिकडे शोधले. बाई घामानं थबथबलेली, ओठ पांढरे, आणि तरी म्हणत होती, "आता दुखत नाई वो मॅडम, आता कापू नका." गर्भपिशवीवरचा जुना टाका आतून फाटला होता. कळा थांबल्या त्या त्यामुळे. आराम कसला तो! अहो, मरण होतं ते.

बाई वाचली. लेकरू वाचलं नाही. त्या ऑपरेशनमध्ये मॅडम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

बाहेर येऊन चपला ठेवायच्या बाकावर बसल्या. मी पाणी नेलं. म्हणाल्या, "हिचं पहिलं कोनं कापलं होतं, माहीत हाये? मीच. तवाही ठोके घसरले होते. तवाही मले भेव लागलं होतं." पाणी प्यायल्या नाहीत. "लेकराच्या ठोक्याले भेऊन कापा, अन् मंग कापल्याले भेत बसा. हेच करून राह्यली मी जिंदगीभर."

मला माझी पोरगी आठवली, तिचं ते लालबुंद रडणं आठवलं, आणि कळलं, पुढच्या वेळी मीही पुन्हावालीच.

त्यानंतर मॅडमनी जे केलं त्यानं त्यांचं घरदार पागल झालं. पिपरी मेघेत त्यांचा बंगला होता, पुढे जाळी लावलेला मोठा व्हरांडा. तिथं खाटा टाकल्या. ज्या पुन्हावालीचं गाव लांब, तिनं शेवटचे दिवस तिथं येऊन राहायचं, आई नाहीतर सासूला घेऊन. मॅडमचे मिस्टर निवृत्त प्राध्यापक, अबोल गृहस्थ. सकाळी पेपर घेऊन बाहेर यावं तर व्हरांड्यात चार पोटं आणि चार सासवा. कोणी भाकरी थापतेय, कोणी वाळवण घातलंय. शेजारी म्हणायचे, डॉक्टरीणबाईंनी धर्मशाळा काढली. मॅडम सकाळ-संध्याकाळ एकेकीला धमकी द्यायच्या. "कळ आली तर लपवू नको. कापाचं का नाई ते मंग पाहू. कायले मरते? पन सांगजो! नाई सांगितलं तर पाह्यजो मंग!" आणि खरंच सांगते, त्यांतल्या काही जणींचं न कापताही झालं. मॅडम रात्रंदिवस खुर्ची टाकून शेजारी बसायच्या, भीतीनं अर्ध्या व्हायच्या, पण थांबायच्या. थांबायला त्या त्या वयात शिकल्या.

मग माझी पाळी आली.

मला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मी आनंदात नव्हते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. जिनं ते सगळं डोळ्यानं पाहिलं आहे तिला आनंद कुठून व्हावा? सासूबाईंनी मात्र नवस बोलून टाकला की यंदा न कापता सुटी बाळंत होऊ दे. सहाव्या-सातव्या महिन्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर पडद्याकडे पाहत राहिले, पाहतच राहिले. मी नर्स, मला त्या गप्प राहण्याचा अर्थ कळतो. बाळाची वार खाली होती, आणि नेमकी जुन्या टाक्यावर बसली होती.

जुन्या टाक्यावर वार बसली की कधी कधी ती आत मुळं रोवते. बाळ काढलं की वार आपणहून सुटायला हवी, ती सुटत नाही. ओढली तर रक्ताचा लोट. मग गर्भपिशवीच काढावी लागते, आणि तेवढ्या वेळात बाई हाताशी राहील की नाही ते कोणी सांगू शकत नाही. हे मी शिकाऊ पोरींना स्वतः शिकवायची. आता ते माझ्या पोटात होतं. उठताना, बसताना, पोरीची वेणी घालताना, एकच विचार: ही पोरगी आईवाचून राहील का? कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकायची. अंगावर थोडं काही गेल्यासारखं वाटलं की बाथरूममध्ये जाऊन पाहायची.

सगळे धीर द्यायचे. आमचे हे म्हणायचे, काही होत नाही. आई म्हणायची, देव आहे. दवाखान्यातल्या मैत्रिणी म्हणायच्या, अगं आपल्याच दवाखान्यात तर आहेस. त्या धीरानं मला आणखीच धडकी भरायची. एकट्या मॅडम रिपोर्ट पाहून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मले लय भेव लागून राह्यलं पोरी. लय."

आणि काय सांगू, इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी मोकळी रडले. माझ्याएवढं घाबरलेलं कोणीतरी होतं.

सासूबाईंना त्यांनी स्वतः बोलावून सांगितलं. लपवाछपवी नाही. "पिंपळ भिताडात शिरते, पाह्यलं ना? उपटाले गेलं तर भिताड येते संगं. तसं हाये हे. हिची पिशवी जाऊ शकते. हीपन जाऊ शकते." सासूबाई मटकन खाली बसल्या. नवसाचं नाव पुन्हा त्यांच्या तोंडून आलं नाही. आमची खोली जवळच होती, तरी मला व्हरांड्यात हलवलं. आठवडे मी त्या जाळीतून रस्ता पाहत काढले. मॅडम येता जाता विचारायच्या, "काही गेलं का अंगावरून?" मी नाही म्हटलं की डोळे मिटून श्वास सोडायच्या. एकदा मीच चिडून म्हटलं, "मॅडम, तुम्ही घाबरता तं मी आनखी घाबरते." त्या म्हणाल्या, "घाबर. घाबरलेली बाई येळेवर सांगते."

तारीख ठरवली ती त्यांनीच, कळांची वाट न पाहता. सकाळी मला आत नेलं. रक्ताच्या पिशव्या मी मान वळवून पाहिल्या, त्यांनी मुद्दाम मला दिसतील अशा ठेवायला लावल्या होत्या. पाठीत सुई गेली, पाय जड झाले. पडदा वर झाला. आणि मॅडमचा आवाज सुरू झाला.

"काय वो सिस्टर, ज्वारीची आंबील करते का तू घरी? माही आजी करे. ताक आंबट लागते तिले..."

"करते," मी म्हटलं. माझे दात एकमेकांवर आपटत होते.

"मिरची टाकते का हिरवी?"

"टाकते."

"अन् लसून?"

"लसून फोडणीत."

बाळ रडलं. पोरगी. कोणीतरी ती माझ्या गालाला लावली, ओली, गरम, आणि घेऊन गेलं. मॅडम म्हणाल्या, "आता कढीपत्त्याचं सांग..." आणि वाक्य अर्धवट राहिलं.

मी वाट पाहिली. आता बोलतील. आता बोलतील. यंत्राचा आवाज येत होता, भांड्यात कात्री पडल्याचा आवाज आला. मॅडमचा आवाज येत नव्हता. मग पायांचा आवाज. धावतोय कोणीतरी. मला माहीत होतं कोण धावतंय आणि कुठे. कित्येकदा मीच धावले होते. मी ओरडले, "मॅडम, बोला ना! मॅडम, कढीपत्ता टाकते मी! बोला ना वो!" भुलीच्या डॉक्टरनी माझ्या नाकावर मास्क धरला. थोरल्या पोरीचं तोंड डोळ्यांपुढे आणायचा मी जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला आणि मला ते आठवेना. एवढंच मला आठवतं.

जागी झाले ती दुसऱ्या दिवशी दुपारी. घसा खरवडलेला, पोटात आग. स्टुलावर मॅडम बसल्या होत्या. साडी कालचीच. चष्मा काढून हातात धरलेला, डोळे सुजलेले.

"पोरगी झकास हाये," त्या म्हणाल्या. "तुही पिशवी काढा लागली."

मी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांवरून मला ते आधीच कळलं होतं.

त्यांनी चष्मा पदरानं पुसला. मग खाली पाहत म्हणाल्या, "तुले राग हाये का माह्यावर? पहिल्या टायमाले मीच कापलं होतं."

या प्रश्नाला पेशंट काय उत्तर देतात ते मला पाठ होतं. नाही हो मॅडम, तुम्ही देवमाणूस, तुमच्यामुळे वाचले. मीही तेच म्हणायला तोंड उघडलं. आणि निघालं दुसरंच.

"हाये," मी म्हणाले. "लय हाये. ठोके आल्ते परत. थांबाले पाह्यजे होतं तुमी."

"हो," मॅडम म्हणाल्या. "थांबाले पाह्यजे होतं." त्यांनी कुठलीही सबब सांगितली नाही. वाकून माझी लघवीची पिशवी उजेडाकडे धरली, रंग पाहिला, परत अडकवली. "राग असू दे तुह्या मनात. काल त्या टेबलावर मले वाटलं होतं, आता या पोरीले कोनाचाच राग येनार नाई."

आणि तिथंच, स्टुलावर, सगळ्या वॉर्डासमोर त्या हमसून हमसून रडायला लागल्या. मी त्यांना उगी राहा म्हटलं नाही. उठून जा, असंही म्हटलं नाही.